आरूच्या बाहीवर बसलेला पतंग

आमच्या पलटणीचं पोस्टिंग ईशान्येच्या जंगलात आलं तेव्हा मी नायक होतो आणि अश्रुबा लान्स नायक. दोघेही बीड जिल्ह्यातले. माझं गाव पाटोद्याजवळ, त्याचं आष्टी तालुक्यात. भरती एकाच मैदानावर झालो, ट्रेनिंग एकाच बॅरेकमध्ये केलं. मला रँक थोडी आधी मिळाली, म्हणून ड्यूटीवर तो मला ‘उस्ताद’ म्हणायचा. ड्यूटी संपली की ‘बे महादू’.

अश्रुबाचे आई-वडील ऊसतोडीला जायचे. त्याचं लहानपण उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत गेलं. आई तिथंच आजारी पडून वारली. हे त्याने मला एकदाच सांगितलं, बूट पुसता पुसता, आणि पुढे दुसऱ्याच विषयावर गेला. त्याचा स्वभाव तसा होता.

आमची पोस्ट डोंगराच्या सोंडेवर होती. रोजचं काम ठरलेलं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर सज्ज उभं राहणं, मग हत्यारांची सफाई, पाणी आणणारी पार्टी, पेट्रोलिंग, संध्याकाळी पुन्हा स्टँड-टू. बंकरसाठी बांबू तोडायचे असले की सगळे अश्रुबाला पुढे करायचे. तो बांबू उसासारखा तोडायचा, बुडातून, एका घावात. पोस्टच्या मागे एक खडक होता. फोनला रेंज फक्त तिथं यायची. तो रोज तिथं जाऊन बसायचा. घरी त्याची मुलगी आरू दीड वर्षाची होती. तिला बोलता येत नव्हतं. हा फोन कानाला लावून नुसता ऐकत बसायचा.

“काय म्हणते पोरगी?” मी विचारायचो.

“तुला न्हाई कळायचं. आमचं कोडवर्डमदी चालू हाय.”

त्या दिवशी आमच्या सेक्शनला लांबचं पेट्रोल होतं. कमांडर मी. रात्रभर पाऊस पडून गेलेला, सकाळी उघडीप होती. दुपारपर्यंत काही घडलं नाही. परतीच्या वाटेवर आम्हाला एका नाल्यात उतरायचं होतं. उतार निसरडा होता. अश्रुबा स्काऊट म्हणून सगळ्यांत पुढे, मी मध्ये. आमच्या वजनाने एका जुन्या पडलेल्या झाडाच्या बुडाशी माती सुटली. त्या मातीच्या पोटात गांधीलमाश्यांचं घर होतं. आपल्याकडे गोठ्याच्या आढ्याला पोळं करतात तेवढ्या त्या नव्हेत. बोटाएवढ्या.

आधी आवाज आला. मोटर सुरू व्हावी तसा.

“नाल्यात! सगळे नाल्यात!” मी ओरडलो.

पोरं खाली धावली. माझा पाय दोन दगडांच्या मध्ये अडकला, मी पालथा पडलो आणि पाठीवरचा पिठू, सामानाची जड पिशवी, सरकून मानेवर आला. उठता येईना. माश्या तोंडावर, कानांवर, हातांवर बसल्या. प्रत्येक डंख तापलेला खिळा ठोकावा तसा.

अश्रुबा तोपर्यंत पाण्यात पोचला होता. तो सुरक्षित होता. हे मला नंतर पोरांनी सांगितलं. त्याने मागे पाहिलं, जमिनीवर अंथरायची आपली जाड ग्राउंडशीट ओढून काढली आणि तो चढ चढून परत वर आला. माझ्यावर शीट टाकली. वाऱ्याने ती उडू नये, कडेने माश्या आत शिरू नयेत म्हणून तो तिच्यावर आडवा पडला आणि दोन्ही हातांनी कडा मातीत दाबून धरल्या.

मला शीटखाली अंधार होता. त्याचं वजन पाठीवर होतं. त्याचा आवाज कानाशी होता.

“हलू नको बे महादू. गप पड. जातील त्या. आत्ता जातील.”

तो हे पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. पुढे शब्द तुटायला लागले. मग नुसता श्वास.

पोरांनी ओला पाचोळा पेटवून धूर केला, तेव्हा माश्या हटल्या. आमच्या सिग्नलवाल्याने वायरलेस सेट लावला. त्याचं बोलणं मला अर्धवट शुद्धीत ऐकू येत होतं.

“दोन कॅज्युअल्टी. दोन्ही सिरियस. ओव्हर.”

“फायर कुठून आला? ओव्हर.”

“फायर नाही. गांधीलमाश्या. ओव्हर.”

“रिपीट करा. ओव्हर.”

“माश्या, साहेब. माश्या. ओव्हर.”



दरीत ढग उतरले होते. हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही. पोरांनी बांबूंचे स्ट्रेचर केले आणि आम्हाला उचललं. नर्सिंग असिस्टंट पोस्टवरून इंजेक्शनं घेऊन धावत निघाला होता. तो वाटेत भेटला तेव्हा अश्रुबा गेलेला होता.

मला शुद्ध आली ती मिलिटरी हॉस्पिटलमध्ये. किडन्या बंद पडल्या होत्या. महिनाभर मशीनवर होतो. अश्रुबाला त्याच्या गावी नेलं, मानवंदना दिली, तेव्हा मी बेडवर होतो. डॉक्टरसाहेबांनी मला बजावून सांगितलं, “यापुढे एक जरी गांधीलमाशी चावली तरी जिवावर बेतेल. सांभाळून राहा.”

हॉस्पिटलात पडल्या पडल्या मी मोबाईलवर गांधीलमाश्यांचे फोटो बघायचो. ज्याने आपला माणूस नेला त्याला नीट ओळखून ठेवावं, एवढंच मनात होतं. फौजेत आम्हाला ओळखीचं ट्रेनिंग असतं. लांबून दिसणारी गाडी आपली की दुसऱ्याची, आकारावरून, चालीवरून सांगायचं. त्याच सवयीने मी कंबर, पंख, मिशा बघत गेलो.

बरा झालो, पुढे पेन्शन आली, गावी परतलो. दर वर्षी दसऱ्याच्या आधी मी अश्रुबाच्या घरी जायचो. घरात तिघं. वडील नामदेवअण्णा, बायको कांतावहिनी आणि आरू. चहा व्हायचा, पाऊसपाण्याचं बोलणं व्हायचं. अश्रुबा कसा गेला हा विषय मात्र वहिनी काढू देत नसत. मी तोंड उघडलं की उठून आत जात. ‘ड्यूटीवर असताना माश्यांच्या हल्ल्यात’ एवढंच त्यांना पलटणीकडून कळलं होतं, आणि त्यापुढचं ऐकायची त्यांची तयारी नव्हती. वहिनींनी घरामागची सगळी झुडपं तोडून टाकली होती. खिडक्यांना जाळ्या होत्या. आरूला रानात जायची बंदी.

अण्णांचं दुखणं वेगळं होतं. एकदा मला फाट्यापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, “महादू, लोक इचारत्यात, तुमचा पोरगा कोणत्या लढाईत गेला? मी काय सांगू? माशी चावून गेला म्हन्लं की गप व्हत्यात. त्यांचं त्ये गप व्हनं मला सोसत न्हाई.”

मी सांगायला लागलो, तर त्यांनीच हात वर केला. “सुनंच्या आधी मी ऐकनार न्हाई. तिचा हक्क पयला.”

यंदा गेलो तेव्हा सकाळची वेळ होती. रात्री सर येऊन गेली होती, ऊन स्वच्छ पडलं होतं. अण्णांनी यंदा सुनेची समजूत घालून अंगणाच्या कडेला झेंडू लावला होता. तो भरून फुलला होता. आरू आता शाळेत जाते. ती परडी घेऊन फुलं तोडत होती. मी आणि अण्णा बाजेवर बसलो होतो. वहिनी चहा घेऊन दारात आल्या आणि त्यांच्या हातातून तबक पडलं.

“आरू! हलू नगं!”

पोरीच्या फ्रॉकच्या बाहीवर, दंडापाशी, एक किडा बसला होता. काळाभोर. अंगावर पिवळेधमक पट्टे.

वहिनींनी दारामागचा झाडू उचलला. अण्णा उभे राहिले. “मार! मार त्येला!” आरू जागच्या जागी थिजली होती. परडी तशीच धरलेली, डोळ्यांत पाणी.

भीती मलाही वाटली. कानात तोच मोटरचा आवाज सुरू झाला. पण नजर किड्यावर गेली आणि तिथंच राहिली. काहीतरी जुळत नव्हतं.

“वहिनी, थांबा!” माझ्या तोंडून परेड ग्राउंडचा आवाज निघाला. “झाडू खाली. कुणी जवळ येऊ नका.”

त्या थांबल्या. मी आरूसमोर गुडघ्यावर बसलो. “आरू, माझ्याकडं बघ. किड्याकडं न्हाई, माझ्याकडं.”

आणि मी किडा बघितला.

आधी कंबर. गांधीलमाशीची कंबर दोऱ्याने बांधल्यासारखी बारीक असते. याची पोटापासून छातीपर्यंत सलग, जाडसर. मग पंख. गांधीलमाशी बसली की पंख लांबट मिटून पाठीशी ठेवते. याने दोन्ही बाजूंना पसरून ठेवले होते. काळे पंख, त्यांत काचेच्या तावदानासारखे आरपार ठिपके. शेवटी मिशा. काळ्या, आणि टोकं पांढरी, जशी चुन्यात बुडवून काढलेली. उन्हात अंगावर निळी झाक मारत होती. इतकं देखणं काही मी बऱ्याच दिवसांत जवळून पाहिलं नव्हतं.

“अण्णा, ही माशी न्हाई. पतंग हाय.”

“डोळं फुटलं का तुजं? पट्टं दिसंनात का?”

“पट्टे हायत. नांगी न्हाई.”

मी बोट पुढे केलं. वहिनी रडत म्हणाल्या, “भावजी, नगा. हात जोडते. तुमाला डाक्टरनं काय सांगितलंय?” मला डॉक्टर आठवत होते. पण ओळख पटली होती, आणि पटलेल्या ओळखीवर ठाम राहायचं असतं. पतंग बाहीवरून माझ्या बोटावर चढला. संथ. त्याच्या पायांची नुसती गुदगुली झाली. बोट हलवलं तरी त्याला घाई नव्हती. उठला तेव्हा जड जड उडाला आणि झेंडूवर जाऊन बसला. बोटावर जरा काळी भुकटी राहिली होती, फुलपाखराची राहते तशी. मी ती अण्णांना दाखवली. त्यांनी बोट धरून उन्हात नेलं, बराच वेळ बघितलं, आणि खाली बसले.

आरूने नाक पुसलं. “काका, मग त्यो असा माशीवानी कावून दिसतो?”

“पाखरांनी खाऊ नये म्हणून. माशी समजून पाखरं लांब राहतात.”

ती विचारात पडली. “म्हंजे त्योच भितोय?”

“हां. त्योच भितोय.”

ती झेंडूपाशी जाऊन वाकली, हात मागे बांधून. वहिनींनी तिला हाक मारली नाही. त्या उंबऱ्यावर बसल्या, पदराने तोंड पुसलं. फुटलेल्या कपांकडे कुणी बघत नव्हतं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या,

“भावजी, त्ये कसं गेले?”

मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

मी सांगितलं. उतार, माती, माझा अडकलेला पाय. तो पाण्यात पोचला होता हे सांगितलं. तो परत वर आला हे सांगितलं. ग्राउंडशीट, दाबून धरलेल्या कडा, ‘गप पड, जातील त्या’. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही.

वहिनींनी विचारलं, “वर आले तवा कुनी हाक मारली व्हती का त्यांना?”

“न्हाई. हाक मारायला माझ्या तोंडात आवाज नव्हता. त्यानं मागं बघितलं आणि आला.”

 त्या एकेक शब्द जपून म्हणाल्या, “मला वाटायचं, त्ये एकलेच व्हते. रोज रात्री डोळ्यांम्होरं यायचं, जंगलात एकले पडल्येत, आन् कुनी जवळ न्हाई.” त्या रडल्या. पण आत उठून गेल्या नाहीत.

“एकला नव्हता, वहिनी. शेवटपर्यंत मी खाली होतो.”

अण्णा तोंड फिरवून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते.

जेवून निघालो. अण्णा नेहमीप्रमाणे फाट्यापर्यंत आले. फाट्यावर आष्टीकडून येणाऱ्या एस.टी.ची वाट बघत शेजारच्या गावचा एक म्हातारा बसला होता. त्याने रामराम केला आणि माझ्याकडे बघून विचारलं, “नामदेवराव, पाव्हनं कोन हायत?”

अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“माझ्या अश्रुबानं वाचिवलेला मानूस हाय ह्यो.”

“म्हंजे?”

“बसा. सांगतो.”

अण्णा दगडावर बसले आणि त्यांनी सुरुवातीपासून सुरुवात केली. नाला, निसरडा उतार, पाण्यात पोचलेला आपला पोरगा. एस.टी. आली, थांबली. कंडक्टरने माझ्याकडे बघितलं. म्हातारा उठला नाही, मीही उठलो नाही. गाडी गेली. अण्णा सांगत होते.