रस्त्याकडचा पट्टा

शेतकरी गटातले सगळे त्याला फूटपट्टी म्हणत, आणि त्याने ते कधी मनाला लावून घेतले नव्हते. मोजणी खात्यात त्याने एकवीस वर्षे साखळी धरली होती. दुसऱ्यांच्या बांधांवरून, दुसऱ्यांच्या भांडणांमधून ती साखळी ओढताना त्याच्या पावलालाच मापाची सवय जडली. सव्वा पावलाला एक मीटर, चढावर दीड पावलाला. थोरला भाऊ गेला आणि घरची शेती अंगावर आली तेव्हा त्याने नोकरी सोडली. पावलांची सवय मात्र सुटली नाही. दोन रोपांतले अंतर, विहिरीतले पाणी, चहात पडणारी साखर, सगळे तो मोजून पाही. "लग्नाला उभे होतो तेव्हा आमच्यातलं अंतर किती होतं, तेही लिहून ठेवलं असेल यांनी," असे त्याची बायको आल्यागेल्यासमोर म्हणे, आणि तो खरोखरच आठवू लागे.

भावाची मुलगी, म्हणजे त्याची पुतणी, संख्याशास्त्र शिकून परतली आणि गटाचे काम पाहू लागली. गटात अकरा घरे. सहांची जमीन सखल भागातली, भारी. पाचांची उतारावरची, हलकी. गव्हाला सगळेच सारखे खत देत, कारण गटाने एक यंत्र घेईपर्यंत वेगळे देण्याची सोयच नव्हती. हे यंत्र उपग्रहाकडून आपली जागा ओळखे आणि आधी भरून दिलेल्या नकाशाप्रमाणे खत कमीजास्त सोडी. कापणीच्या हार्वेस्टरवरही तसेच एक उपकरण बसवले होते. कुठल्या जागी किती दाणा निघाला, हे ते पावलागणिक नोंदवी. पुतणी म्हणाली, "खताचा दुसरा हप्ता एक तृतीयांशाने कमी केला तर काय होतं, हे कुणाच्या पुस्तकाला विचारण्यापेक्षा आपल्या शेताला विचारू." भारी जमिनीसाठी दोन शेते मिळाली. हलक्या जमिनीसाठी एकच मिळाले, ते फूटपट्टीचे.

एकशेवीस मीटर लांब, बारा मीटर रुंद असे चार पट्टे आखले. दोघांना पूर्ण हप्ता, दोघांना कमी. कुठल्याला काय, हे चिठ्ठ्यांनी ठरायचे होते. बिस्किटाच्या डब्यातून चिठ्ठ्या त्यानेच उचलल्या आणि कमी खताची पहिलीच चिठ्ठी रस्त्याला लागून असलेल्या पट्ट्यावर पडली.

"जरा अदलाबदल केली तर?" त्याने विचारले. "आतला घेऊ. गहू तोच, माती तीच."

"काका, आपल्या सोयीने पट्टा निवडला की तो प्रयोग राहत नाही, नुसती आवड होते."

त्याला ते पटले. साखळी धरणाऱ्या माणसाला पटण्यासारखेच होते ते. फरक इतकाच की साखळी धरताना जमीन दुसऱ्याची असे.

तीन आठवड्यांत रस्त्याकडचा पट्टा फिका पडला. शेजारचा पूर्ण हप्त्याचा गडद हिरवा, आणि त्याच्या कडेला हा उन्हाने विटलेल्या पडद्यासारखा. मधली रेघ इतकी सरळ होती की सायकलवरून जाणाऱ्याच्याही नजरेतून सुटू नये. दूधवाल्याने सायकल न थांबवताच हाक दिली, "काय फूटपट्टी, खत मोजताना पट्टी उलटी धरली का?" त्याला थांबवून फूटपट्टीने प्रयोग समजावून सांगितला. दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवाल्यालाही सांगितला, जरा थोडक्यात. तिसऱ्या दिवशी कुणी तरी नुसतेच "च्च" केले आणि पुढे गेले. त्या रस्त्यावरून त्याच्या वडिलांचा गहू पाहायला लोक मुद्दाम थांबत असत. भाऊ असतानाही थांबत.

चौथ्या दिवशी तांबडे फुटताना त्याने बादलीभर युरिया घेतला आणि पट्ट्यात शिरला. हात आपोआप चालू लागला. वडिलांबरोबर फिरताना चालत असे तसाच, एका पावलाला एक मूठ. बादली रिकामी झाली तेव्हा तो पंपघराच्या भिंतीपाशी पोहोचला होता. दोन दिवस पावसाची भुरभुर झाली आणि पुढच्या पंधरवड्यात पट्ट्याने रंग धरला. दूधवाला म्हणाला, "आलं की हो वळणावर!" त्या एका वाक्याने फूटपट्टीला जितके बरे वाटले, तितकेच संध्याकाळपर्यंत वाईटही वाटत राहिले. बायकोने बादली धुताना त्याच्याकडे एकदा पाहिले.

कापणीनंतर गटाची बैठक गोदामाच्या पुढच्या खोलीत भरली. पोत्यांच्या थप्पीवर ठेवलेल्या प्रोजेक्टरमधून पुतणीने समोरच्या भिंतीवर नकाशे टाकले. भारी जमिनीचा निकाल सरळ होता: खत कमी करूनही उत्पन्न जवळपास तेवढेच. सखल भागातले सहाही जण खुर्चीत सैलावून बसले. मग फूटपट्टीचे शेत आले.

"पूर्ण हप्त्याचे दोन्ही पट्टे एकरी बावीस क्विंटलच्या आसपास," पुतणी म्हणाली. "कमी हप्त्याचा आतला साडेएकोणीस. पण रस्त्याकडचा एकवीस. दोन पट्टे दोन गोष्टी सांगतायत. मला कोड्यात टाकलंय यांनी."

"कोडं कसलं?" गटप्रमुख म्हणाला. हा माणूस कुठल्याही बैठकीत जेवणाच्या वेळेवर नजर ठेवून असे. "आतल्यात उंदीर लागले असतील. रस्त्याकडचा धरा. हलक्या जमिनीलाही चालतंय म्हणायचं, ठराव करायचा, की उठलो."

"थांबा, हे बघा." तिने तो एकच पट्टा मोठा केला. एका टोकापासून दोन तृतीयांश अंतर गर्द हिरवे, म्हणजे भरपूर दाण्याचे, आणि उरलेला तुकडा पिवळा. हिरवाही सगळीकडे सारखा नव्हता. पिवळ्याजवळ येता येता तो विरळ होत गेला होता.

फूटपट्टीने भिंतीकडे पाहिले. जिथे बादली हलकी होऊ लागली तिथे मूठ आखडली होती, आणि ती आखडलेली मूठसुद्धा यंत्राने दाण्यादाण्यातून वेचून भिंतीवर मांडली होती. एकवीस वर्षे त्याने लोकांनी सरकवलेल्या हद्दीच्या खुणा पकडल्या होत्या. खूण सरकवणाऱ्याचा चेहरा कसा होतो, ते तो ओळखून होता. आपला आत्ता तसाच झाला असणार, असे त्याला वाटले.

"जुना उकिरडा असेल तिथे," गटप्रमुख म्हणाला. "तुमच्या वडिलांचा. काय हो?"

सुटकेचे दार असे आयतेच समोर उघडले होते. वडिलांचा उकिरडा खरोखरच होता. फक्त तो शेताच्या दुसऱ्या कोपऱ्यात होता, आणि हे जाणणारे त्याच्याखेरीज आता कुणी उरले नव्हते. त्याने नुसती मान हलवली असती तरी पुरले असते.

तेवढ्यात मागच्या बाकावरून मावशी बोलल्या. उतारावरची दीड एकर त्या एकट्या कसत, आणि वर्षाचा दाणा त्यांना त्यातूनच काढायचा असे. "अरे, यांचं राहू दे. तू मोजल्याशिवाय बोलत नाहीस, म्हणून तुला विचारते. माझ्या तुकड्याला खत तोडू का?"

"नका तोडू, मावशी."

"का? भिंत तर तोड म्हणतेय."

"भिंत खोटं बोलत नाहीये. मी बोललोय." "तिथे उकिरडा नव्हता. मी बादली घेऊन गेलो होतो. हाताने टाकलं."

मग सखल भागातला कुणी तरी फिस्सकन हसला. "म्हणजे दोन लाखांचं यंत्र एकीकडे आणि आमच्या फूटपट्टीची बादली एकीकडे!"

पुतणी मात्र हसली नाही. "काका, चिठ्ठी तुम्हीच उचलली होती. मी तुमच्या भरवशावर एकच शेत घेतलं. आज ठराव झाला असता तर?"

"म्हणून तर सांगतोय, अगं."

"चार महिन्यांनी सांगताय."

मावशी मध्ये पडल्या. "डोळ्यांदेखत पीक उपाशी बघवलं नाही. असं होतं माणसाचं. मलाही नसतं बघवलं."

ती सबब त्याच्या मापाची होती, आणि घेतली असती तर सगळ्यांनी ती कौतुकाने मान्य केली असती. पण पुतणी भिंतीवरच्या पिवळ्या तुकड्याकडे पाहत होती. "हा भाग का सोडला मग? बादली संपली?"

"बादली संपली. पण दुसरी आणता आली असती." तो थांबला. "तो पंपघराच्या आड आहे. रस्त्यावरून दिसत नाही."

मावशींनी त्याच्याकडे नीट पाहिले. "म्हणजे गव्हाची भूक नाही भागवलीस तू. स्वतःची लाज भागवलीस."

"हो," तो म्हणाला.

मग पुतणीने संगणक पुढ्यात ओढला. तिच्या आवाजात अजून नरमाई नव्हती, पण काम सुरू झाले होते. "कुठून कुठपर्यंत? अंदाज नकोय मला."

"पट्टा सुरू होतो त्या खांबापासून शंभर पावलं. ऐंशी मीटर. शेवटची बारा पावलं हात आखडता होता."

तिने तेवढा भाग नकाशातून कापून टाकला. उरलेल्या चाळीस मीटरांची सरासरी यायला जरा वेळ लागला. एकोणीस पूर्णांक चार. आतल्या पट्ट्याला अगदी लागून. दोन पट्टे आता एकच गोष्ट सांगत होते: हलक्या जमिनीत खत तोडले की एकरी अडीच क्विंटल जातात. "चाळीस मीटर फार थोडे आहेत," पुतणी म्हणाली. "ठराव नाही करता येणार यावर. पण मावशी, यंदा तुम्ही हात लावू नका." मावशींनी मान डोलावली. गटप्रमुखाने सखल भागापुरता ठराव लिहून घेतला आणि विचारले, पुढच्या वर्षी हलकी जमीन कोण देणार? यांचं शेत पुन्हा घ्यायचं म्हणजे...

त्याने वाक्य अर्धवट सोडले. सगळ्यांनी फूटपट्टीकडे पाहिले, आणि त्याने पुतणीकडे.

"चिठ्ठ्या टाकू," ती म्हणाली. "पुन्हा रस्त्याकडचा आला तर तोच ठेवायचा. कबूल?"

"कबूल."

घरी बायकोने ताट वाढता वाढता विचारले, "सांगितलंत?"

"तुला माहीत होतं?"

"बादली मी धुते. सगळ्यांसमोर सांगितलंत?"

"सगळ्यांसमोर."

"बरं झालं. चार महिने घरात नुसत्या येरझाऱ्या घालत होतात. अंगणाचं माप पाठ झालं असेल एव्हाना."

पुढच्या हंगामात कमी खताच्या चिठ्ठ्या आतल्या दोन पट्ट्यांवर पडल्या. रस्त्याकडचा पट्टा पूर्ण हप्त्याचा, गर्द हिरवा निघाला. त्याला हायसे वाटले आणि त्या हायसे वाटण्याचा लगेच रागही आला. महिनाभराने दूधवाल्याने वळणावर सायकल थांबवली आणि म्हणाला, "यंदा झकास! मागल्या साली आधी फिका, मग एकदम हिरवा, ते काय झालं होतं हो?"

फूटपट्टी बांधावर उभा होता. "जरा आत येता?" तो म्हणाला. "मागचे दोन पट्टे दाखवतो. पिवळे पडलेत. मुद्दाम पाडलेत."

"दूध नासेल हो माझं."

"साठ पावलं आहेत फक्त," फूटपट्टी म्हणाला आणि गहू दोन्ही हातांनी बाजूला सारत पुढे चालू लागला.