डब्यागत चित्र

भिंतीवर टांगलेला सपाट टीव्ही पिराजीला कॅलेंडरापेक्षा जास्त किमतीचा कधी वाटला नाही. शिवाजी पेठेत पस्तीस वर्षं त्यानं जुने डबा टीव्ही उघडून पिक्चर ट्यूबा बदलल्या होत्या. आता लोक दाराएवढे मोठे, पातळ पत्रे घरी आणतात, बघायची अक्कल मात्र आणत नाहीत, असं तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचा. गिऱ्हाइकं घटली, पण पिराजीचं तोंड काही थांबलं नाही.

दुकानातलं बारीक काम आता त्याची मुलगी राजनंदिनी करायची. तीन महिने ती मागं लागली होती, अप्पा, डोळे तपासून घ्या. गेल्या महिन्यात त्यानं तपकिरी वायरीच्या जागी लाल जोडली होती. ‘दुकानात उजेड कमी हाय,’ म्हणून त्यानं तिला उडवून लावलं. आतून मात्र तो पार घाबरला होता. डोळे गेले तर पिराजी मेकॅनिक म्हणून उरणार तरी काय?

अशात कसबा बावड्याच्या उदयसिंह नावाच्या गिऱ्हाइकानं दोघांना घरी बोलावलं. लहानपणीचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम त्यानं जपून ठेवला होता आणि नव्या टीव्हीवर चित्र धड येत नव्हतं. पिराजीला ते बघून हसूच आवरेना. चित्र ओढून टीव्हीभर पसरलेलं, त्यातला धावणारा गडी म्हशीएवढा रुंद.

“पावणं, ह्यो पळणार कसा? आधी ह्येचं पोट कमी करा की.”

“मग कडंला काळ्या पट्ट्या येत्यात. एवढा मोठा टीव्ही घिऊन पट्ट्या बघत बसू व्हय?”

“लेंगा ढगळ झाला म्हणून माणूस फुगवता काय?”

त्यानं रिमोट ओढून घेतला आणि चित्राचं माप जुन्या डबा टीव्हीसारखं चारास तीन केलं. गडी सडपातळ झाला. कडा उगाच टोकदार करणारी शार्पनेस त्यानं शून्यावर आणली. बटण दाबल्यावर गडी उशिरा उडत होता, तेही गेम मोड लावून मिटवलं. मग चार पावलं मागं सरून बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा सपाट टीव्हीचं कौतुक केलं.

“झकास! ठिपक्यात ठिपका मिसळलाय. अगदी आपल्या डब्यागत चित्र!”

“मिसळलाय कुठं? विटा रचल्यागत चौकोन दिसत्यात की,” उदयसिंह म्हणाला.

“डोळं तपासून घ्या, पावणं!” पिराजी खेकसला. “नंदे, सांग ह्यास्नी.”

एरवी अशा वेळी राजनंदिनी तोंडावर हात धरून हसायची. आज हसली नाही.

“अप्पा, चौकोनच हायत,” ती हळू म्हणाली.

पिराजी टीव्हीजवळ गेला. काचेला नाक टेकेपर्यंत गेला. चित्र तसंच, लोण्यागत मऊ. आयुष्यभर दुसऱ्यांना आंधळे म्हणून झालं होतं, आता तो शब्द त्याच्यावरच उलटला.

मग त्यानं रिमोट उदयसिंहाच्या हातात दिला.

“नंदे, त्यो डोळ्यांचा डॉक्टर सकाळी किती वाजता बसतोय?” त्यानं विचारलं. दारात चपला चाचपता चाचपता तो पुन्हा वळला. “आनि पावणं, आमी गेल्यावर चित्र ताणू नका. तुमास्नी दिसतंय की.”