बाबांच्या दहाव्याला मी जेवलो म्हणालो

सलीमचाचा नसते तर बाबांपर्यंत माझा आवाज पोचला नसता. आमच्या अष्टमी गावात त्यांचं दुकान आमच्या घराला लागून आणि दोघांची दोस्ती जन्माची.

आज मस्कतमध्ये खोलीच्या खिडकीत कावळा येऊन बसला आणि माझा घास हातातच राहिला.

नऊ वर्षं झाली. बाबा गेले तेव्हा नव्वदीला टेकले होते. चार मुली उजवल्या, नातवंडं खेळवली, पण घरातलं शेवटचं माणूस जेवल्याशिवाय त्यांनी कधी ताट घेतलं नाही. आठवीतून शाळा सोडून इथे मजुरीला आलेल्या मला कंपनीने तेव्हा रजा दिली नाही.

दहाव्याला कुंडलिका नदीच्या काठी पिंडाला कावळा शिवेना. बहिणींनी आईला सांभाळायचं वचन दिलं, तरी नाय. शेवटी चाचांनी मला फोन लावला आणि स्पीकर पिंडासमोर धरला.

"कावळा मोबाईल ऐकतो काय?" भावोजी म्हणाले.

"कावळा नाय, बाप ऐकतो," चाचा म्हणाले. "बोल रे, तुझ्यासाठी थांबलाय तो."

मी साइटवर पत्र्याच्या सावलीत उभा. काय वचन देऊ सुचेना. तोंडातून निघालं, "बाबा, मी जेवलो. आता तुम्ही जेवा."

दोन दिवस माझ्या घशाखाली काही उतरलं नव्हतं.

पलीकडे थोरली बहीण ओरडली, "शिवला रे भाऊ, शिवला!"

तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. आता वाटतं, बापाला शेवटचं जेवू घातलं तेही खोटं बोलून.

चाचा आता अंथरुणाला खिळलेत. रजेचा अर्ज पुन्हा परत आलाय. चाचा, थोडं थांबा. नोकरी गेली तरी मी येतो, आणि वेळ चुकलीच, तर तुम्हाला खांदा द्यायला तरी मी स्वतः असेन.