बॉनेटवरची पाच बोटं

थिनरचा वास नाकात गेला की मला आष्ट्यातला तो दसरा आठवतो. जुनी पद्मिनी मोटार मी अंगणात स्वतः घासून रंगवली होती. गॅरेजवाल्याचा हात तिला लागू द्यायचा न्हाई, हा माझा हट्ट. रंग अजून ओला होता. मी झेंडू आणायला गेलो आणि बायकोनं, मालननं, बॉनेटवर हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली.

"आंधळी हायस का गं? आठ दिसांची मेहनत घालवलीस!" मी गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो.

ती पदराला हात पुसत म्हणाली, "आवं, सणाला तिला मोकळ्या कपाळानं ठेवू व्हय?"

पहिल्या फेरीला मालनला सांगलीला न्यायचं कबूल केलं होतं. न्हाई नेलं, एकटाच गेलो. तिला रोज दिसावं म्हणून रागानं त्या रेघाही तशाच ठेवल्या.

मालन जाऊन चार वर्षं झाली. आज मोटार परत रंगवायला काढलीय. पोरगा म्हणतो, "आबा, बॉनेट तेवढं राहिलं की." राहू दे. मघाशी त्या रेघांवर माझी बोटं ठेवून बघितली. तिची बोटं लय बारीक होती. तवा कधी नीट बघितलीच न्हाईत.