चांदभाईंचे पडदे

धुळ्यात आग्रा रोडला चांदभाईंचं डेंटिंगचं दुकान होतं. ठोकलेली गाडी आली की ते ती आधी धुवू देत नसत. पत्र्याकडे नंतर बघायचे, आधी धुळीकडे. वारा गाडीवरून कसा गेला हे धूळ सांगते, असं त्यांचं म्हणणं. बाकी पत्र्यावर धुळीच्या सरळ रेघा, मागच्या चाकाजवळ मात्र तिचे नुसते भोवरे. चाक फिरताना वारा घुसळतं, गाडी मागे ओढली जाते आणि पेट्रोल फुकट जातं, हे ते गिऱ्हाइकाला ऐकवत बसायचे. शाळा सातवीपर्यंत, पण समजावण्याची हौस प्रोफेसराची.

१९९७ साली त्यांनी मागच्या चाकांवर, ती बाहेरून झाकली जातील असे पत्र्याचे पडदे बसवायचं ठरवलं. गाडी अर्थातच माझी. मी प्रेमराज, शिरपूरचा मोटारपंपवाला. माझ्याकडे पांढरी पद्मिनी होती आणि नाही म्हणायला जीभ रेटत नसे. पहिला पडदा अगदी घट्ट बसवला, तर भडगावकडच्या काळ्या मातीचा चिखल आत असा गच्च भरला की चाकच फिरेना. मग त्यांनी तो खालून चार बोटं कापला, मागे निमुळता केला, पंक्चर झालं तर काढता यावा म्हणून हातानं फिरतील असे नट लावले. तीन महिने ते कडांवर बोटं फिरवत पत्रा ठोकत होते. इतक्या निगुतीनं केलेलं काम मी पुन्हा पाहिलं नाही.

आणि मी दिवे काय लावले? शिरपुरात लोक म्हणू लागले, प्रेमराजनं गाडीला परकर नेसवला. माझा मेहुणा गिरधर तर भर जेवणावळीत हसला. मला लाज वाटली. पडदे काढून डिकीत टाकले. धुळ्याला जायचं असलं की वाटेत सोनगीरला थांबून ते पुसून चढवायचे, येताना पुन्हा काढायचे. चांदभाईंनी अॅव्हरेज विचारलं तेव्हा ठोकून दिलं, लिटरमागे दीड किलोमीटर वाढलं. त्या दिवशी त्यांनी अख्ख्या दुकानाला चहा पाजला. हे नाटक सहा वर्षं चाललं. मग गाडी विकली, पडदे भंगारात गेले.

गेल्या महिन्यात त्यांची नात मिसबाह मला मुद्दाम धुळ्याला त्यांच्या घरी घेऊन गेली. ती इंजिनिअरिंगला आहे. तिच्या गटानं स्पर्धेसाठी बॅटरीवरची गाडी केली आहे आणि तिच्या मागच्या चाकांना पडदे आहेत, कॉम्प्युटरवर काढलेले. अहवालाच्या पहिल्या पानावर तिला आजोबांचं नाव आणि माझा दीड किलोमीटरचा आकडा घालायचा होता. खाली साक्षीदार म्हणून नानांची, म्हणजे माझी सही हवी होती.

मी पेन धरून बसलो. सही केली तर पोरीचं काम खोट्यावर उभं राहणार. नाही केली तर समोर खाटेवर बसलेल्या, ऐंशीला टेकलेल्या माणसाचा आयुष्यातला एकुलता एक अभिमान जाणार. शेवटी सगळं सांगून टाकलं. मिसबाह माझ्याकडे बघेना.

चांदभाई शांतपणे अहिराणीत म्हणाले, "माले तवयच समजनं व्हतं. तुन्ही बठ्ठी गाडी धुळमा भरेल राहे, आन पडदा कोरा."

मग तेव्हा का नाही बोललात, मी विचारलं.

"इचारं असतं तर तू येवानं बंद करी देता."

मला रडू आलं. त्यांनी मिसबाहला आकडा खोडायला लावला, तिनं खोडला. मग ते जरा पुढे सरकले आणि इतक्या वर्षांचं मनातलं विचारलं. सोनगीरपासून धुळ्यापर्यंत तरी पडदे चाकावर होतेच, तेवढ्या रस्त्यात गाडी कशी चालायची? हलकी वाटायची का?

त्या वीस किलोमीटरांत मी सहा वर्षं फक्त आरशात बघत होतो, ओळखीचं कुणी मागून येतंय का म्हणून.