मंगळवारी बाई डोळे मिटून बसल्या

त्या दिवशी बालवाडीच्या खोलीत कोण कोण होतं ते आधी सांगते. एक आमच्या बाई, म्हणजे शिकवणाऱ्या. माझी सासू. वरळी कोळीवाड्यातनं पाटी घेऊन आमच्या चाळीत मासे विकायला यायची ती कोळीण. आणि मी, बाईंची मदतनीस. पोरांची नाकं पुसायची, झाडू मारायचा, पाणी भरायचं, हे माझं काम. पोरं घरी गेली होती. दादरच्या ताई नव्हत्या, पण झालं ते सगळं त्यांच्यामुळंच, तेव्हा त्यांनाही धरा.

लालबागला आमच्या चाळीत तळाला मंडळाची खोली, त्यात एका संस्थेची बालवाडी. गिरण्यांच्या संपाचं दुसरं वर्ष होतं. आमचे हे घरी, चाळीतले सगळेच पुरुष घरी. बायका बाहेर पडल्या, कोणी धुणीभांडी, कोणी डबे. पोरं ठेवायची कुठं? बालवाडीत. पण संस्थेचं म्हणणं, शिकलेली बाई असेल तरच चालवू. मी चौथी पास. म्हणजे बाई गेल्या की कुलूप, आणि कुलूप लागलं की चाळीतल्या बायका परत घरात. मी पण.

आणि बाई तर जायला निघालेल्या.

फणसवाडीतनं यायच्या. पोरसवदाच होत्या, आवाज गोड. पण आमची पोरं सकाळी पेज पिऊन यायची. ती पेज किती वेळ पुरणार? भूक लागली की एकमेकांना चावायची. एक पोरगी खडू खायची. एक दिवस बाई तिच्यावर अशा ओरडल्या की वरच्या खोलीतला माणूस झोपेतनं दचकून उठला, आणि त्या वर्षी त्याला झोपण्याशिवाय दुसरं काम नव्हतं. पोरगी जरा रडली आणि परत खडू खायला लागली. बाईंचं मात्र रडणं थांबेना. आपला डबा पोरांना वाटून टाकला. म्हणाल्या, "माझी लायकीच नाही शिकवायची. महिनाअखेर सोडते."

तो डबा मग रोजच वाटायला लागल्या. स्वतः पाणी पिऊन राहायच्या. स्वतःलाच शिक्षा करत होत्या.

हे संस्थेला कळलं, तर त्यांनी दादरच्या ताईंना पाठवलं. त्या शिक्षकांना शांत बसायला शिकवायच्या. मी म्हटलं, यात शिकवायचं काय? आमचे हे वर्षभर शांतच बसलेत, कोणी शिकवलं नाय.

ताई हसल्या. मला पण बसवलं. "श्वास आत येतो, बाहेर जातो, नुसतं बघा. आवाज आला, येऊ दे. वास आला, येऊ दे. मन पळालं तर रागवायचं नाही, पोराला बोट धरून आणतो तसं परत आणायचं. आता छातीवर हात ठेवा, आणि मैत्रिणीशी बोलतो तसं स्वतःशी बोला."

मी म्हटलं, "ताई, माझ्या मैत्रिणी नळावरच्या. आम्ही शिव्या देऊनच बोलतो."

"मग प्रेमाची शिवी द्या," ताई म्हणाल्या. बाई पण जरा हसल्या. बऱ्याच दिवसांनी.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. पोरं गेली, मी पोरांच्या ताटल्या घासायला नळावर गेले. बाई सतरंजीवर एकट्याच बसल्या. आता बघा, वार मंगळवार, देवीचा. बाईंनी सकाळी केस धुतलेले, ते मोकळेच. डोळे मिटलेले, हात छातीवर, श्वास मोठा मोठा, आणि गालावर पाणी. तेवढ्यात सासू मला हाक मारायला आली आणि दारातच थांबली. आमच्या लालबागमध्ये मंगळवारी मोकळ्या केसांची बाई अशी बसली तर तिच्यावर दुसरा कसला संशय येतो?

"गे बाय!" सासू जिन्याकडं धावली. "बाईंच्या अंगात इला!"

जिन्यापाशी मासे विकणाऱ्या कोळणीनं ते ऐकून पाटी दाराबाहेर ठेवली. सासूनं वरनं हळदकुंकू, कापूर, नारळ आणला. मी ताटल्या घेऊन आले तोवर बाईंचं कपाळ नाकापर्यंत लाल, पायाशी कापूर जळतोय, नारळ फुटलेला, आणि दोघी हात जोडून बसलेल्या. आणि बाई? बाई हलल्या नाहीत! आवाज आला, येऊ दे. वास आला, येऊ दे. ताईंनी सांगितलेलं अगदी मन लावून करत होत्या.

मी तोंड उघडणार तर सासूनं डोळे वटारले. मग तिनं विचारलं, आणि तिचा तसा आवाज मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला.

"माये, गिरण कधी उघडतली? माझो झील घरात बसान आसा." झील म्हणजे मुलगा, आमचे हे.

बाईंनी डोळे उघडले. कापूर बघितला, नारळ बघितला, सासूचे जोडलेले हात बघितले.

"मला माहीत नाही हो, आजी," त्या म्हणाल्या आणि हुंदकाच फुटला. "मला काहीच माहीत नाही. पोरांना भूक लागते तर मी काय करू? मी ओरडते, मग मलाच माझी लाज वाटते."

कोळीण म्हणाली, "देवीलाच ठाव नाय तं आपल्याला कुठशी असल? उगा नारल फोरला."

"फुकट नाय गेलो," सासू म्हणाली. "देवी उपाशी आसा." खोबऱ्याचा तुकडा काढून तिनं बाईंच्या तोंडात घातला. "आधी खा. ओरडलंस तर ओरडलंस. पोरां कधीच इसारली. तू कित्याक धरून बसलंस?"

बाईंनी खोबरं खाल्लं. दुसरा तुकडा मागून घेतला. मग कोळणीच्या पदराला कुंकू पुसता पुसता अशा हसल्या की खोकला लागला.

महिनाअखेर आली, गेली. बाई होत्या. ओरडायच्या अधूनमधून, पण डबा अर्धा स्वतः खायच्या. पोरं गेली की जरा वेळ डोळे मिटून बसायच्या, आणि सासू दारात पाय पसरून राखण करायची. चाळीतली एखादी बाई प्रश्न घेऊन आलीच तर सांगायची, "ह्या देवीक काय म्हायती नाय. घराक जा."

गिरणी काही उघडली नाय. हे पुढं वॉचमन झाले. दिवस काढले, निघाले.

तुम्ही हे वाचताय तर एवढं करा. पोराला आणायला शाळेत जाल तेव्हा गेल्या गेल्या बाईंना काही विचारू नका. त्यांना आधी जरा बसू द्या.