कोमलचा खण

रविवारी सकाळी चहा ठेवत होते, तर दारात कोमलचे वडील. रात्रपाळी संपवून तसेच आलेले, केसांत लूमचे धागे. हातातली प्लास्टिकची पिशवी पुढे करत म्हणाले, "मावशी, गावाकडून आली."

पिशवीत काय होतं ते सांगते, पण आधी थोडं मागचं...

बमरोलीच्या यंत्रमागांच्या वस्तीत माझ्या पुढच्या खोलीत संध्याकाळी लूमवाल्यांची पोरं अभ्यासाला बसतात. शिकवते वैशालीबेन. मी सतरंजी घालते, पाणी भरते आणि कोपऱ्यात बसून जमेल तेवढं शिकते. शाळेची पायरी मी चढले नाही, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं गोळा केली.

वैशालीबेननं फोनवर वर्गाचं एक फोल्डर केलं. त्यात प्रत्येक पोराच्या नावाचा एक खण, फडताळात असतो तसा. ती धडा टाकणार, पोरं गृहपाठाचा फोटो टाकणार. मला आधी वाटलं, हवेत कसलं फडताळ... पण मीही बघायला शिकले.

कोमल याच वर्गातली. सहावीची परीक्षा तोंडावर आली आणि तिच्या आईनं अंथरूण धरलं. आईला आणि धाकट्या भावाला घेऊन कोमल अमळनेरकडच्या गावी गेली. घरात मोठा फोन एकच, तोही त्यांच्यासोबत गेला.

आणि गृहपाठ येत राहिला. इकडे वर्ग भरला की तिच्या खणात पान पडायचं. फोटोच्या कडेला कधी सूप, कधी भावाचा इवलासा पाय... आम्ही समजलो, तिकडच्या शाळेत नाव घातलं असेल. फोन केला तर म्हणाली, "शाळा कुठली मावशी... आईला उठवत नाही. मी इथूनच येते ना तुमच्याकडे."

जूनमध्ये वर्ग सातवीत गेला. वैशालीबेन नवं फोल्डर करत होती, वर्ग सोडून गेलेल्या पोरांची नावं गाळत होती. मी म्हटलं, "कोमलचं राहू दे गं. जागा काय तुझ्या बापाची जाते?" ती हसली, पण नाव राहिलं.

दिवाळीला वडील गावी गेले आणि येताना फोन घेऊन आले. इकडे कामाला लागतो, त्यांचंही खरंच. तेव्हापासून कोमलचा खण रिकामा. तरी वैशालीबेन म्हणे, तिच्या नावानं कुणीतरी रोज फोल्डर उघडतंय.

वडिलांना विचारलं. त्यांना वाचता येत नाही. खाली बघत म्हणाले, "मीच देखस मावशी. पोरनं अक्षर दिसस."

मग आम्ही धडे आणि प्रश्नांची पानं छापून घेऊ लागलो. पिशवीत भरायची आणि गावाकडे जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे द्यायची. पानं जात राहिली, उत्तर काही येईना. म्हटलं, संपलं आता...

रविवारची पिशवी ती हीच. सगळी पानं भरलेली, कडांना हळदीची बोटं. वैशालीबेन तपासायला बसली. उत्तरं बरोबर, अक्षर तसंच टपोरं. फक्त प्रत्येक पानाच्या माथ्यावर आम्ही 'इयत्ता सातवी' छापलं होतं, त्यातलं 'सातवी' तिनं खोडलं होतं. वर लिहिलं होतं, 'सहावी'.

परीक्षा दिली नव्हती ना तिनं.

वैशालीबेनच्या हातातलं लाल पेन तसंच राहिलं. "मावशी, याला काय करू?"

वडील मात्र आमच्या तोंडाकडे बघत होते. "बरोबर शे ना?"

"बरोबर आहे भाऊ, एकन् एक," मी म्हटलं. पानांचे फोटो तिच्या खणात टाकले. त्यांनी ओट्यावर बसूनच फोन उघडला, चहा गार झाला तरी बघत होते.

पिशवी नेणाऱ्या ड्रायव्हरभाऊनं आजवर भाडं घेतलेलं नाही, देव त्याचं भलं करो. काल त्याच्याकडे नवी पानं दिली. यावेळी इयत्तेची जागा आम्ही कोरी सोडली आहे... तिची तिनंच भरावी.